तात्यांनी मागितलेल्या शेंगा

तात्यांबरोबर बोईसर स्टेशनपासून नवापूर नाक्यापर्यंत चालत जायचं म्हणजे अर्ध्या तालुक्याची विचारपूस ऐकायची तयारी ठेवावी लागे. पानवाल्याच्या मेव्हण्याचं जमलं का, रिक्षावाल्याच्या आईचा गुडघा कसा आहे, पोस्टमनची म्हैस व्यायली का, हे सगळं झाल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. बरोबरचा माणूस आपला उन्हात तिष्ठत उभा. तो फारच कंटाळला तर तात्या त्याचीही ओळख करून देत. ‘‘हा आपला पोरगा. बी.एस्सी. झालाय. ध्यानात ठेव हां.’’ पानवाला गंभीरपणे मान डोलवी. बी.एस्सी. झालेल्या पोराला ध्यानात ठेवून पानवाल्याने नेमकं काय करायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

‘‘वळखीचा हाय’’ हे त्यांचं आवडतं वाक्य. रेडिओवरच्या बातम्यांत एखाद्या मंत्र्याचं नाव आलं, तरी तात्या चहाची बशी खाली ठेवून सांगत, ‘‘ह्याच्या गाडीचा डायवर आपल्या वळखीचा हाय.’’ उत्तरेकडून आलेले कामगार खोलीसाठी, रेशनसाठी त्यांच्याकडे येत, तेव्हा तात्या त्यांना हिंदीतून धीर देत, ‘‘फिकर मत करो, अपने वळख का हाय.’’ पुढे पुढे ते कामगारही आपसात ‘वळख’ असंच म्हणायला लागले. बोईसरच्या हिंदीला तात्यांनी दिलेली ही देणगी म्हणायची.

मूळचे ते एडवणचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. घरची होडी, वडील आणि भाऊ रोज समुद्रावर जाणारे. पण तात्यांना होडीत पाय टाकला की बोट लागायची. किनारा नजरेआड व्हायच्या आत हे ओणवे. गावात काय शोभा झाली असेल ती त्यांनाच माहीत, पण सांगताना ते खो खो हसत. ‘‘दर्यानं मला वळखच दिली नाय. मग बोललो, जमिनीवर वळखी करू.’’ बोईसरला कारखाने उभे राहू लागले, तसे ते ड्रायव्हर झाले. एका कंत्राटदाराची बस पाळीच्या कामगारांना घेऊन वसाहतीत फिरे आणि पाच-सात कारखान्यांच्या गेटवर त्यांना सोडी. तात्या ती बस चालवत. बस कधी लागली नाही.

सगळं बोईसर त्यांना ओळखत होतं, पण त्यांचं आडनाव कोणालाच माहीत नव्हतं. ‘तात्या बसवाले, बोईसर’ एवढ्या पत्त्यावर त्यांना पत्र येई. कधी कुणी पूर्ण नाव विचारलंच, तर तेच जरा गोंधळून थांबत, जणू दुसऱ्याच माणसाबद्दल विचारलंय.

मी त्यांच्याकडे आलो तो भाडेकरू म्हणून. ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. पालघरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन पास झालो होतो आणि बोईसरला एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटायचं, एवढंच डोक्यात होतं. तात्यांच्या घरामागे भाड्याच्या कौलारू खोल्या होत्या, त्यातली एक मला मिळाली. माझे वडील मनोरकडे शाळामास्तर. निघताना त्यांनी बजावलं होतं, ‘‘नोकरी मार्कांवर मिळव, माणसांवर नको.’’ मी ते पहिल्याच आठवड्यात तात्यांना अभिमानाने सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘गुर्जींचा बरोबरच हाय. पण मार्क असतात कागदावर. आणि कागद जातो टेबलाच्या खणात. माणूस खणात मावत नाय रे.’’

त्यांची यावर सगळी विचारपूर्वक मांडणी होती. साहेबांशी ओळख करायच्या भानगडीत पडायचं नाही, कारण साहेब बदलतो. ओळख वॉचमनशी करायची, तो राहतो. शिवाय ओळखीचं काम कुठवर, हेही ठरलेलं. ‘‘माझी वळख गेटपातूर. गेटाच्या आत तुझा तू.’’ हे ते इतक्या वेळा म्हणत, की आम्ही भाडेकरू पोरं त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा त्यांनी स्वतःच येऊन आमची नक्कल सुधारून दिली.

माझ्यासाठी तात्यांनी जी योजना काढली, ती मात्र इतर कोणाला सुचली नसती. मे महिन्याचे दिवस, लग्नसराई जोरात. तात्यांना तर गावोगावची आमंत्रणं. ते म्हणाले, ‘‘माझ्यासंगे चल आणि पंगतीत वाढायला उभा ऱ्हा. जेवणारा कोणाकडे बघत नाय, पण वाढणाऱ्याकडे सगळे बघतात. कारखान्यातली सगळी मंडळी असतात तिथं. एक सीझन वाढ, बोईसर तुला वळखेल.’’ मला ते पटलं. हातात बादली घेऊन मी तो अख्खा महिना भात, आमटी आणि बुंदी वाढत हिंडलो. हळदीला गेलो, लग्नाला गेलो, पूजेला गेलो. ‘अजून थोडं घ्या’ म्हणून आग्रह करायची कला साधली. जूनमध्ये एका रंगाच्या कारखान्यात मुलाखतीला बोलावणं आलं. साहेबांनी मान वर केली आणि बघतच राहिले. ‘‘तुम्हाला कुठेतरी पाहिलंय.’’ माझ्या मनात आलं, जिंकली तात्यांनी! साहेबांचा चेहरा उजळला. ‘‘बुंदी! तुम्ही बुंदी वाढत होता. बरं झालं भेटलात. डिसेंबरात आमच्या मुलीचं लग्न आहे, तुमची वाढपी मंडळी मोकळी आहेत का?’’

घरी येऊन सांगितलं तर तात्यांची बायको, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, त्या पदर तोंडाला लावून चुलीशी वळल्या. तात्या मात्र विचारात पडले आणि मग म्हणाले, ‘‘म्हणजे वळख तर झाली ना?’’ पुढे गणपतीच्या सुमारास त्यांच्या एका वॉचमनने मला वेळेवर निरोप दिला की अमुक ठिकाणी जागा आहे. गेलो, त्यांनी प्रयोगशाळेत उभं करून परीक्षा घेतली, आणि मी लागलो. वडिलांनी सगळ्या गावाला सांगितलं, पोरगा मार्कांवर लागला. तात्यांनी सगळ्या बसला सांगितलं, पोरगा वळखीवर लागला. मी दोघांनाही हो म्हणायचो.

या सगळ्या प्रकरणाकडे घरातली एक व्यक्ती कपाळाला आठ्या घालून बघत होती, ती म्हणजे तात्यांची मुलगी कुंदा. माझ्याच कॉलेजात माझ्या मागे एक वर्ष, विषयही तोच. बापाच्या तोंडाचा पट्टा जितका सैल, तितकी ही मोजून बोलणारी. ‘ओळख’ हा शब्द ऐकला की तिचा चेहरा कडू होई. त्याला कारण होतं. शाळेत ती पहिली आली, तेव्हा वर्गातल्या मुलींनी कुजबुज केली होती की हिच्या बाबांनी सरांकडे पापलेटं पोचवली. आणि पापलेटं खरोखरच पोचवली होती! सरांकडे पाहुणे आले होते आणि तात्या एडवणहून येत होते, एवढंच. त्यांच्या मनात काही नव्हतं. ते कोणालाही काहीही पोचवत. पण कुंदाने त्या दिवसापासून पापलेट खाल्लं नाही. मासे खाणाऱ्या घरात याहून मोठा निषेध नसतो.

कुंदा बी.एस्सी. झाली त्या वर्षी सातपाटीचं एक स्थळ चालून आलं. माणसं चांगली, घरचा ट्रॉलर. काकींनी सरळ सांगितलं, ‘‘ह्या वर्षात नोकरी लागली तर बरा, नायतर लगीन. पाव्हण्यांना मी किती दिवस थांबवू?’’ कुंदाला प्रयोगशाळेत काम करायचं होतं. तिने अर्ज केले, पण मुलगी म्हटल्यावर बरेच जण उत्तरही देत नव्हते. शेवटी एका औषधाच्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. जागा एकच. आणि तिथले मॅनेजर होते देसाईसाहेब.

आता हे देसाईसाहेब म्हणजे तात्यांचा हुकमाचा पत्ता. एकदा रेल्वे बंद असताना त्यांच्या आईला एकाएकी बरं वाटेनासं झालं, तेव्हा तात्यांनी रिकामी बस वळवून त्या माउलीला पालघरच्या दवाखान्यात नेलं होतं. कंत्राटदाराच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या. तेव्हापासून देसाईसाहेब दिसले की थांबायचे. तात्यांनी नुसता एक शब्द टाकायचा, एवढंच काम होतं. नेमका तोच शब्द टाकायचा नाही, असं कुंदाने त्यांना बजावलं. नुसतं बजावलं नाही, घरातल्या देवासमोर उभं करून गावदेवीची शपथ घ्यायला लावली.

‘‘बाबा, माझ्यासाठी कोणाशी काही बोलायचं नाही. साहेबांशी नाही, वॉचमनशी नाही, गेटावरच्या कुत्र्याशीसुद्धा नाही.’’

‘‘अगो, पण तुझा नाव तरी...’’

‘‘नावसुद्धा नाही. लागले तर माझी मी लागेन. नाही लागले तर सातपाटीला जाईन. पण तुम्ही बोललात, तर मला कधीच कळणार नाही की मी लागले की तुम्ही.’’

तात्यांनी शपथ घेतली आणि त्यांचं जेवण तुटलं. तो आठवडा मी त्यांना पाहिलंय. स्टेशनपासून नाक्यापर्यंत ते कुणाशी न बोलता चालत आले, तेव्हा पानवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मुलाखतीच्या दिवशी कुंदा सकाळच्या पाळीच्या बसनेच गेली, पण बापाशी ओळख न दाखवता. कंपनीच्या गेटवर उतरली आणि आत जाऊन बाकावर बसली. त्या खोलीच्या खिडकीतून गेट दिसत होतं. तिथून तिने जे पाहिलं ते असं: देसाईसाहेबांची गाडी आली, तात्यांना पाहून थांबली, साहेब खाली उतरले. दोघं बोलले. तात्यांनी हात जोडल्यासारखं काहीतरी केलं. साहेब हसले, त्यांनी तात्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि माळ्याला हाक मारली. थोड्या वेळाने तात्या शेवग्याच्या शेंगांचा एक भारा काखोटीला मारून बसमध्ये चढले.

संध्याकाळी कुंदाने दारातच विचारलं, ‘‘काय बोललात साहेबांशी?’’

तात्या म्हणाले, ‘‘शेंगा मागितल्या.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि काय? दिल्यान.’’

मी तिथेच ओट्यावर बसलो होतो. मला हसू आवरेना. सबंध आयुष्य ज्या माणसाने लोकांसाठी शब्द टाकण्यात घालवलं, त्याला पोटच्या पोरीच्या मुलाखतीच्या दिवशी मॅनेजर समोर भेटतो आणि हा मागतो काय, तर शेंगा! कोण विश्वास ठेवणार? काकींनी त्या दिवशी सुक्या कोलंबीचे सोडे घालून शेंगांची आमटी केली. शेंगा इतक्या जून निघाल्या की चावून चावून आमचे जबडे दुखले. नुसता चोथा. काकी तात्यांवर करवादल्या, ‘‘मागून आणलात ते आणलात, कोवळ्या तरी बघून घ्यायच्या!’’ तात्या मुकाट्याने चोथ्याचा ढीग रचत राहिले.

पंधरवड्यात कुंदाला नेमणुकीचं पत्र आलं. तिने ते आधी देवासमोर ठेवलं, मग आईला दाखवलं आणि बापासमोर धरून ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. तात्या म्हणाले, ‘‘अगो, देवीची शप्पथ, शेंगा मागितल्या. आता ह्याला आणखी कोण वळखीचा साक्षीदार आणू?’’ ती पाया पडली आणि आत गेली. सातपाटीच्या पाहुण्यांना काकींनी निरोप धाडला. देसाईसाहेबांची पुढच्याच वर्षी गुजरातेत बदली झाली आणि तो विषय मिटला, निदान आम्हाला तसं वाटलं.

कुंदाच्या मनातून मात्र तो गेला नव्हता. एकदा बोलता बोलता ती मला म्हणाली होती की ती प्रत्येक चाचणी दोनदा करते, एकदा कंपनीसाठी आणि एकदा त्या शेंगांसाठी. ती हसत म्हणाली खरी, पण मला वाईट वाटलं. तिने इतकी वर्षं मान खाली घालून काम केलं. लग्न झालं, मुलगा झाला, ती प्रयोगशाळेची प्रमुख झाली. बापावर तिचा जीव होता. मध्ये एकदा ते आजारी पडले, तेव्हा उशाशी बसली ती तीच. पण तात्यांचं नाव सांगत कुणी पोरगा तिच्या गेटवर आला, तर वॉचमनला तिची सक्त ताकीद होती, त्याला तसाच परत पाठवायचा. तात्या कधी रागावले नाहीत. ‘‘तिचा गेट हाय, ती ठरवेल,’’ म्हणायचे आणि त्या पोराला दुसऱ्या गेटावर घेऊन जायचे.

नव्वदीच्या मध्यावर, निवृत्त होऊन काही वर्षं झाल्यावर, तात्या गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी तेव्हा बोईसरमध्येच स्वतःच्या घरात राहत होतो, धावत गेलो. माणसं मावेनात. पहिल्या पाळीचे सुटून आले, दुसऱ्या पाळीचे जाता जाता थांबले. एडवणहून टेम्पो भरून लोक आले. उत्तरेकडचे कामगार दाराशी उभं राहून एकमेकांना सांगत होते, ‘‘बहुत वळख था इनका.’’ मला रडू फुटलं ते तिथे.

दहा-बारा दिवसांनी आम्ही घरात बसलो असताना एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ काठी टेकत आले. देसाईसाहेब. निवृत्तीनंतर ते पालघरला राहायला आले होते आणि त्यांना बातमी उशिरा कळली होती. त्यांनी तात्यांच्या फोटोला नमस्कार केला, पाणी घेतलं आणि सहज बोलायला लागले.

‘‘माझ्या आईचे प्राण वाचवले ह्या माणसाने. मी दर वेळी विचारायचो, तात्या, तुमच्यासाठी काय करू? दुसऱ्यांची कामं सांगायचे, पण स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. एकदाच मागितलं. आमच्या गेटवर सकाळी भेटले. मी विचारलं, काही काम आहे का? तर तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. घाम फुटलेला. मला वाटलं, आता हा काहीतरी मोठं मागणार, आणि मी हो म्हणायचं ठरवूनच टाकलं. तर इकडेतिकडे बघून म्हणतात, सायब, त्या झाडाच्या दोन शेंगा घेऊ का?’’ साहेब हसायला लागले. ‘‘अख्खा भारा दिला काढून. अजून आठवतं मला. आणि ही कोण, मुलगी का? काय करतेस बाळ?’’

कुंदाने कंपनीचं नाव सांगितलं, आणि कोणत्या वर्षी लागली तेही. अर्जावर तिचं आडनाव होतं, आणि तात्यांचं आडनाव साहेबांनाही माहीत नव्हतं; त्यांना क्षणभर काही उमजेना. मग त्यांनी फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हसरा चेहरा हळूहळू बदलला. ‘‘म्हणजे तू त्या दिवशी आत...’’ एवढंच ते म्हणाले.

इतके दिवस कुंदाच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता. ती आता बापाच्या फोटोसमोर बसून ढसाढसा रडली, लहान पोरीसारखी. आम्ही कोणीच तिला थांबवलं नाही. मग कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या काकी नाक पुसत म्हणाल्या, ‘‘मी तर कवाच वळखलं होतं गो. शेंगा केवढ्या जून होत्या! वशिल्याच्या माणसाला कोण असल्या शेंगा देतो?’’

देसाईसाहेब आधी हसले. मग मी. मग रडता रडता कुंदालाही हसू फुटलं, आणि बाहेर भेटायला आलेली माणसं दारातच थबकली की हे आत चाललंय काय.

पुढच्या महिन्यात मी काही कामाने कुंदाच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. गेटवरून फोन आला. कोणी नवा पदवीधर पोरगा आलाय, तात्यांच्या वळखीचा आहे म्हणतोय, नेहमीप्रमाणे परत पाठवू का? कुंदा म्हणाली, ‘‘नको. येऊ दे आत.’’

पोरगा आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम, छातीशी प्रमाणपत्रांची पिशवी. बिचाऱ्याने पाठ केल्यासारखं सुरू केलं, ‘‘मॅडम, मी तात्यांच्या...’’

‘‘ती वळख गेटवर झाली,’’ कुंदा म्हणाली आणि तिने चाचणीचं ब्युरेट त्याच्या हातात दिलं. ‘‘आता आत तुझा तू.’’